‘८ + ८ = १६ जीबी’: फोनमधल्या व्हर्च्युअल रॅमचं परीक्षण

मोबाइलच्या दुकानात फोनशेजारी ठेवलेल्या कार्डावर ‘१६ जीबी रॅम’ असं ठळक छापलेलं असतं, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात ‘८ जीबी + ८ जीबी व्हर्च्युअल’. ऑनलाइन खरेदीतही हाच प्रकार. सॅमसंगकडे याचं नाव रॅम प्लस, शाओमीकडे मेमरी एक्स्टेन्शन, विवोकडे एक्स्टेंडेड रॅम, ओप्पो-रिअलमी-वनप्लसकडे रॅम एक्स्पान्शन, मोटोरोलाकडे रॅम बूस्ट. आत चालणारी यंत्रणा थोड्याफार फरकाने तीच, त्यामुळे परीक्षण एकत्रच केलं आहे.

निकाल आधी सांगून टाकतो. ही सोय थापेबाजी नाही, पण कार्डावरची बेरीज चुकीची आहे. ४ जीबीच्या फोनवर ती बेताने वापरली तर उपयोगी पडते. ८ जीबीच्या फोनवर असली काय नि नसली काय, रोजच्या वापरात सहसा कळत नाही. १२ जीबीवर बंद करून तिने अडवलेलं स्टोरेज परत घ्यावं. आणि कुठल्याही फोनवर व्हर्च्युअल रॅम किती हे ठरवणारी सेटिंग्जमधली पट्टी ओढून शेवटच्या टोकाला नेऊ नये, कारण काही बाबतीत फोन त्याने आणखी मंदावतो. तो का मंदावतो हे समजायला आतली रचना बघावी लागते.

पानांचा हिशेब

फोनमधल्या कुठल्याही ॲपला खऱ्या रॅमचा पत्ता कधीच दिसत नाही. त्याला दिसतो तो कर्नलने, म्हणजे फोनच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, दिलेला आभासी पत्त्यांचा पसारा. ६४ बिट अँड्रॉइड फोनवर हे पत्ते सहसा ३९ बिटांचे असतात, म्हणजे प्रत्येक ॲपच्या वाट्याला ५१२ जीबीचा पसारा येतो, मग फोन ४ जीबीचा असला तरी. हा पसारा आणि खरी रॅम दोन्ही ४ केबीच्या पानांत विभागलेले असतात. ८ जीबीत अशी २०,९७,१५२ पानं बसतात. कुठलं आभासी पान कुठल्या खऱ्या पानावर आहे याचा तक्ता कर्नल प्रत्येक ॲपसाठी वेगळा ठेवतो. प्रोसेसर दर वेळी तो तक्ता चाळत बसत नाही, अलीकडच्या जोड्या टीएलबी नावाच्या छोट्या, अतिवेगवान साठ्यात ठेवतो. (अँड्रॉइड १५ पासून १६ केबीच्या पानांचीही सोय झाली आहे. टीएलबीवरचा ताण कमी होतो, पण थोडी रॅम जास्त खर्च होते.)

ॲपने १०० एमबी मागितले तर कर्नल लगेच १०० एमबी काढून देत नाही, नुसते पत्ते देतो. ॲप एखाद्या पत्त्यावर पहिल्यांदा लिहायला गेलं की तिथे खरं पान नसल्याने पेज फॉल्ट होतो, प्रोसेसर कर्नलला बोलावतो, कर्नल एक कोरं पान जोडून देतो आणि ॲप काही झालंच नाही अशा थाटात पुढे चालू लागतं. पेज फॉल्ट म्हणजे बिघाड नव्हे. ॲप उघडताना असे हजारो होतात.

खरी अडचण सुरू होते ती रॅम भरत आली की. तेव्हा कर्नलसमोर दोन प्रकारची पानं असतात. एक, फाइलवरून आलेली: ॲपचा कोड, लायब्ररी, चित्रं. ही खुशाल टाकून देता येतात, कारण मूळ प्रत स्टोरेजवर आहेच. दुसरी, ॲपने चालता चालता तयार केलेली: अर्धवट लिहिलेला मेसेज, स्क्रोल करत कुठवर आलात ती जागा, उलगडलेले फोटो. यांची प्रत कुठेच नसते. टाकली तर गेली. ती हलवायला जागा हवी, आणि त्या जागेचं नाव स्वॅप. दुकानातल्या कार्डावर ‘८ जीबी व्हर्च्युअल’ म्हणून जे विकलं जातं ते म्हणजे हाच स्वॅप.

कल्पना बरीच जुनी आहे. मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न यांच्या गटाने बनवलेल्या ॲटलस संगणकाचं उद्घाटन डिसेंबर १९६२ मध्ये झालं. त्यात १६ हजार शब्दांची (‘शब्द’ हे मेमरी मोजायचं एकक) वेगवान कोअर मेमरी आणि ९६ हजार शब्दांचा मंद ड्रम असे दोन साठे होते, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला दोन्ही मिळून एकच सलग साठा दिसायचा. पानांची ने-आण यंत्र आपणहून करायचं. आजच्या फोनमध्ये तत्त्व तेच.

फोनमध्ये स्वॅप दोन तऱ्हेचा

पहिला झेडरॅम. यात पान रॅमबाहेर जातच नाही. रॅमचाच एक भाग बाजूला काढून त्यात पानं दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून, ठेवतात. हे अँड्रॉइडच्या पायाशी असलेल्या लिनक्स कर्नलमध्ये रीतसर आलं ते २०१४ साली, ३.१४ आवृत्तीत. ५१२ एमबीच्या फोनवर अँड्रॉइड ४.४ चालावं म्हणून गूगलने ते त्याआधीच, २०१३ मध्ये, सुचवलं होतं. आज जवळपास प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये झेडरॅम चालूच असते, सेटिंग्जमध्ये पट्टी असो वा नसो. गूगलच्या पिक्सेलमध्ये अशी पट्टी नाही, तरी झेडरॅम आहे.

दुसरा स्टोरेजवरचा स्वॅप: फोनच्या अंतर्गत स्टोरेजमधून काही जीबी राखून पानं तिथे लिहिणं. काही फोनमध्ये या दोहोंची सांगड असते. पानं आधी झेडरॅममध्ये जातात आणि बराच वेळ कुणी हात न लावलेली, किंवा नीट न दबणारी, तिथून स्टोरेजवर ढकलली जातात. कर्नलमध्ये नीट न दबणाऱ्या पानांसाठी ही सोय ४.१४ पासून आहे, हात न लावलेल्या पानांसाठी ती नंतर आली. तिन्हींपैकी ही सांगड सर्वांत शहाणी.

आता कार्डावरची बेरीज तपासू. ८ जीबीच्या फोनमध्ये कर्नल, मोडेम वगैरेंचा राखीव वाटा वजा जाता साधारण साडेसात जीबी उरतात. फोनची पट्टी झेडरॅम वाढवणारी आहे असं धरू, आणि ती ४ जीबीवर ठेवली. पानं साधारण २.७ पटीने दबली (दोन ते तीन पट हा नेहमीचा पल्ला), तर ४ जीबीची पानं सुमारे दीड जीबी खऱ्या रॅममध्ये मावतात. निव्वळ फायदा अडीच जीबी. पट्टी ८ जीबीवर नेली आणि ती पूर्ण भरली, तर दाबलेली पानंच जवळपास ३ जीबी खातील. समोर चालू असलेल्या सगळ्यासाठी उरले साडेचार. दोन्ही मिळून साडेबारा जीबीची पानं फोनमध्ये असतील, पण त्यातली ८ जीबी हात लावण्याआधी उलगडावी लागणारी. १६ चा आकडा या गणितात कुठेच येत नाही.

स्टोरेजवरच्या स्वॅपचं गणित वेगळं. तिथे रॅम खर्च होत नाही, वेळ होतो. रॅममधून एखादी गोष्ट आणायला १०० नॅनोसेकंदांच्या आसपास लागतात. फ्लॅश स्टोरेजमधून एक सुटं पान आणायचं तर १०० मायक्रोसेकंदांच्या घरात, म्हणजे हजारपट. झेडरॅममधलं पान उलगडायला काही मायक्रोसेकंद. मागे पडलेल्या एका ॲपची ३०० एमबी पानं स्वॅपमध्ये गेली आहेत असं समजा: ७६,८०० पानं. ॲप पुन्हा समोर आणल्यावर त्यातली एक तृतीयांश लगेच लागली, म्हणजे २५,६००. झेडरॅममधून, पानामागे ४ मायक्रोसेकंद धरले तर सेकंदाचा दहावा भाग. स्टोरेजवरून एकेक करत आणली तर अडीच सेकंद. कर्नल शेजारची पानं आधीच उचलून ठेवतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमी, पण अंदाज यावा. अडीच सेकंदांत तेच ॲप मुळापासून नव्याने उघडलंही असतं!

या सोयीचा खरा गुण इथेच दिसतो, आणि जाहिरातीत तो कुणी सांगत नाही. स्टोरेजवरच्या स्वॅपने वेळ वाचत नाही, काम वाचतं. ४ जीबीच्या फोनवर रेल्वे तिकिटाचा फॉर्म भरताना ओटीपी बघायला मेसेजमध्ये गेलात, परत आलात आणि फॉर्म कोरा! हा अनुभव या सोयीने खरोखर कमी होतो. दोन सेकंद अडखळेल, पण प्रवाशांची नावं जागेवर असतील. बँकेची ॲप मात्र मागे गेल्यावर मुद्दाम लॉगआउट करतात. त्याचा मेमरीशी संबंध नाही, कितीही जीबी वाढवा.

कुठे चालतं, कुठे नाही

मागे गेलेल्या ॲपसाठी ही व्यवस्था उत्तम बसते. ॲप मागे गेलं की अँड्रॉइड त्याला गोठवतं (ही सोय अँड्रॉइड ११ पासूनची) आणि त्याची पानं दाबून ठेवायला काढतं. गोठलेलं ॲप पानांना हात लावत नाही, म्हणून ती निवांत पडून राहतात. माळ्यावर ठेवलेल्या सामानासारखं: वर्षातून दोनदा लागणारी पातेली तिथे शोभतात, रोजचा तवा ठेवलात तर दर पोळीला शिडी लावावी लागेल.

रोजचा तवा म्हणजे समोर चालू असलेला खेळ. एखाद्या जड खेळालाच अडीच-तीन जीबी लागत असतील आणि तेवढी मोकळी रॅम नसेल, तर कर्नल त्याच खेळाची पानं एकीकडून काढणार आणि पुढच्या क्षणी तीच परत मागितली जाणार. या प्रकाराला थ्रॅशिंग म्हणतात. संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी १९६८ सालीच याची मीमांसा केली होती: प्रोग्रॅमला ठरावीक काळात लागणारी पानं, म्हणजे त्याचा वर्किंग सेट, खऱ्या रॅममध्ये मावला नाही तर सगळा वेळ ने-आणीतच जातो. स्वॅप मोठा केल्याने वर्किंग सेट लहान होत नाही. त्यामुळे ‘व्हर्च्युअल रॅम वाढवली की गेमिंग सुसाट’ असले व्हिडिओ सरळ सोडून द्यावेत.

कॅमेऱ्याचंही तसंच. कॅमेरा उघडताच सेन्सर, इमेज प्रोसेसर आणि जीपीयू (ग्राफिक्सचा प्रोसेसर) यांच्यासाठी मोठे बफर, म्हणजे तात्पुरते साठे, लागतात, जास्त मेगापिक्सेलच्या फोनमध्ये ते शेकड्यांनी एमबी असतात. ही पानं हार्डवेअर थेट वापरतं, म्हणून ती स्वॅपमध्ये जाऊ शकत नाहीत. ती खऱ्या रॅममध्येच हवीत, आणि तीही ताबडतोब. म्हणून ४ जीबीच्या फोनवर फोटो काढून परत आलात की मागची दोन-तीन ॲप मेलेली सापडतात. स्वॅपने मागच्यांना थोडं आकसता येतं इतकंच, कॅमेऱ्याची भूक त्याने भागत नाही.

आणखी एक बारीक खोच. अँड्रॉइडची बहुतेक ॲप जावा-कोटलिनवर चालतात आणि त्यांचा गार्बेज कलेक्टर, म्हणजे नको झालेली मेमरी झाडून काढणारी यंत्रणा, अधूनमधून ॲपचा सगळा साठा तपासतो. हे न गोठलेल्या पण मागे चालणाऱ्या ॲपमध्ये झालं, म्हणजे गाणी वाजवणारं किंवा नकाशा दाखवणारं ॲप, तर स्वॅपमध्ये गेलेली पानं कुणाला नको असतानाही परत आणली जातात. फोन खिशात असूनही कोमट लागतो त्यामागे कधी कधी हेही असतं.

पट्टी टोकाला नेल्यावर काय बिघडतं

‘जागा आहे तर जास्तच देऊ’ हा विचार साहजिक आहे, पण इथे तो उलटतो.

कर्नल मोकळ्या रॅमच्या तीन पातळ्या धरून असतो. मधल्या पातळीखाली रॅम गेली की केस्वॅपडी नावाचा कर्नलचा धागा जागा होतो आणि वरच्या पातळीपर्यंत जागा मोकळी होईतो पानं हलवत राहतो. हे मागच्या मागे चालतं, तुम्हाला कळत नाही. पण मागणी इतकी वेगाने आली की रॅम सर्वांत खालच्या पातळीच्याही खाली घसरली, तर जे ॲप पान मागतंय त्यालाच थांबवून, त्याच्याकडूनच जागा मोकळी करून घेतली जाते. स्क्रोल करताना यादी एकदम अर्धा सेकंद गोठते ते हे.

या सगळ्यावर लक्ष ठेवणारा पहारेकरी वेगळा: एलएमकेडी. मेमरीसाठी कामं किती वेळ खोळंबली याचं मोजमाप (पीएसआय) बघून तो ठरवतो की आता एखादं ॲप मारलेलं बरं. प्रत्येक ॲपला क्रमांक असतो: समोरच्याला ०, होम स्क्रीनला ६००, आधीच्या ॲपला ७००, निव्वळ साठवून ठेवलेल्यांना ९०० च्या पुढे. मोठ्या क्रमांकाचं आधी जातं. कधी मारायचं हे ठरवताना ‘स्वॅप संपत आला का’ हाही एक निकष असतो. आता ४ जीबीच्या फोनवर स्वॅप ८ जीबी केला तर तो संपतच नाही. मग जी दहा-बारा निरुपयोगी ॲप मरायला हवी होती ती जिवंत राहतात, त्यांची पानं सांभाळण्यात रॅम आणि प्रोसेसर जातो, आणि कर्नल जागेसाठी फाइलवरची पानं टाकू लागतो, म्हणजे समोरच्याच ॲपचा कोड. तो पुढच्या क्षणी स्टोरेजवरून पुन्हा वाचावा लागतो. अलीकडच्या अँड्रॉइडमधला एलएमकेडी या थ्रॅशिंगचंही मोजमाप ठेवतो आणि प्रमाणाबाहेर गेलं की ॲप मारतो, पण तोवर फोन पुरेसा रेंगाळलेला असतो.

शिवाय प्रत्येक पानाची नोंद ठेवावी लागतेच. ८ जीबीच्या झेडरॅममध्ये नुसता नोंदींचा तक्ता तीसेक एमबी घेतो, आत काही असो वा नसो. एवढ्याने फोन अडत नाही, पण ३ जीबीच्या फोनवर तेवढंही का द्यावं?

स्टोरेज खराब होतं ही भीती मात्र फुगवलेली आहे. आकडेमोड करून बघा. दिवसाला ५ जीबी स्वॅप स्टोरेजवर लिहिला गेला असं धरलं तर वर्षाला सुमारे १.८ टीबी. १२८ जीबीच्या फ्लॅशची प्रत्येक पेशी १,००० वेळा लिहिता येते इतकाच बेताचा अंदाज घेतला तरी एकूण क्षमता १२८ टीबी. आतल्या आत होणारं जादा लेखन तिप्पट धरा, तरी फोन त्याआधी दुसऱ्याच कारणाने बदलला जाईल. काळजी करावी ती ३२ जीबी ईएमएमसीच्या (स्वस्त फोनमधल्या मंद स्टोरेजच्या), नव्वद टक्के भरलेल्या फोनची. तिथे क्षमताही चौथाई आणि मोकळ्या जागेअभावी आतलं जादा लेखनही जास्त. अशा फोनवर स्टोरेजवरचा स्वॅप ठेवूच नये, आधी व्हॉट्सॲपचे ‘सुप्रभात’ काढा.

किती ठेवावी

३ किंवा ४ जीबी रॅम, स्टोरेज यूएफएस (ईएमएमसीहून वेगवान प्रकार): २ जीबी. यूएफएस आहे की ईएमएमसी हे फोनच्या तपशिलात लिहिलेलं असतं. काहीच लिहिलं नसेल तर ईएमएमसी धरून चाला. ईएमएमसी ५.१ चा कागदावरचा कमाल वेगच ४०० एमबी प्रतिसेकंद, आणि सुट्या पानांच्या बाबतीत तो खूप खाली येतो. ईएमएमसी असेल तर पट्टीवरचा सर्वांत लहान आकडा निवडा, आणि तरी अडखळत असेल तर बंद.

६ जीबी: २ ते ४. मला विचाराल तर या गटात या सोयीचं खरं चीज होतं. रॅम इतकी आहे की समोरचं ॲप अडत नाही, आणि इतकी कमी की मागची ॲप मरतात.

८ जीबी: ४ किंवा बंद. खेळ खेळणारे असाल तर बंद.

१२ आणि वर: बंद. तेवढे जीबी फोटोंना मिळू द्या.

पट्टी कुठे सापडेल? सॅमसंगमध्ये सेटिंग्ज, डिव्हाइस केअर, मेमरी, रॅम प्लस. शाओमीमध्ये ॲडिशनल सेटिंग्ज, मेमरी एक्स्टेन्शन. विवोमध्ये रॅम अँड स्टोरेज स्पेस. ओप्पो, रिअलमी, वनप्लसमध्ये अबाउट डिव्हाइसमधल्या रॅमच्या चौकटीवर बोट ठेवा. मोटोरोलामध्ये सिस्टिम, परफॉर्मन्स. आवृत्तीनुसार जागा बदलते, त्यामुळे सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘रॅम’ टाकणं सर्वांत सोपं. बदल लागू व्हायला फोन बंद करून चालू करावा लागतो. नाही केला तर आकडा बदललेला दिसतो, स्वॅप तोच राहतो.

आपल्या फोनवर तपासायची रीत

सेटिंग्जमधला ‘मोकळी रॅम’चा आकडा बघून काही ठरवू नका. मोकळी रॅम म्हणजे वाया चाललेली रॅम. अँड्रॉइड ती मुद्दाम भरलेली ठेवतो. चाचणी अशी करा. पट्टी बंद ठेवून फोन रीस्टार्ट करा, पाच मिनिटं शांत ठेवा. नेहमीची दहा ॲप ठरलेल्या क्रमाने उघडा, प्रत्येकात थोडं स्क्रोल करा, मध्ये एकदा कॅमेऱ्याने फोटो काढा. मग त्याच क्रमाने परत जा आणि किती ॲप होती तिथेच सापडली, किती नव्याने उघडली ते मोजा. पट्टी चालू करून, रीस्टार्ट करून तेच पुन्हा. एकेका चाचणीवर विसंबू नका, दोन्ही बाजूंनी तीन-तीनदा करा. दोन-तीन ॲपचा फरक पडला तर सोय कामाची. शून्य पडला तर बंद करा.

शून्य फरक पडण्याचं एक कारण मेमरीशी संबंधित नसतंच. बऱ्याच फोनमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी मागची ॲप कंपनीची स्वतःची यंत्रणा मारते, रॅम मोकळी असली तरी. त्या ॲपच्या माहितीत जाऊन बॅटरीचा पर्याय ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा आणि चाचणी पुन्हा घ्या. स्वॅपच्या माथी मारला जाणारा दोष पुष्कळदा इथला असतो. रॅम साफ करणारी ॲप तर काढूनच टाका. ती दाबून ठेवलेली ॲप मारतात, मग तीच ॲप पहिल्यापासून उघडण्यात जास्त बॅटरी जाते.

ज्यांना आत डोकवायचं आहे त्यांनी डेव्हलपर ऑप्शन्समधून यूएसबी डीबगिंग चालू करून फोन संगणकाला जोडावा आणि एडीबी शेलमधून (संगणकावरून फोनला आज्ञा द्यायचं साधन) प्रॉक फोल्डरमधल्या दोन फाइल वाचाव्यात. ‘स्वॅप्स’ या फाइलमध्ये झेडरॅम०चीच ओळ दिसली तर फोन मुख्यतः दाबून ठेवण्यावर चालतोय. स्टोरेजवरच्या फाइलची वेगळी ओळ दिसली तर दुसरी तऱ्हा. ‘मेमइन्फो’मध्ये स्वॅपटोटल आणि स्वॅपफ्री बघा. दिवसभराच्या वापरानंतरही स्वॅपफ्री अर्ध्याहून जास्त असेल तर पट्टी खाली आणायला हरकत नाही. डंपसिस मेमइन्फो ही आज्ञा दिली तर शेवटाकडे झेडरॅमची एक ओळ येते: खरी जागा किती, आणि त्यात किती स्वॅप मावलाय. समजा ९,००,००० केबी जागेत २४,००,००० केबी मावलेत, तर दाब २.७ पटीच्या आसपास, म्हणजे ठीक. दीडपटीवर आला असेल तर पानांत आधीच दाबलेला मजकूर भरपूर आहे, आणि अशा फोनवर झेडरॅम वाढवण्यात अर्थ नाही. आणखी खोलात जायचं असेल तर टॉप ही आज्ञा देऊन केस्वॅपडी० किती प्रोसेसर खातोय तेही बघा. फोन नुसता हातात असताना तो सतत वरच्या दोन-तीन ओळींत दिसत असेल तर स्वॅप गरजेपेक्षा जास्त राबतोय.

हे खूळ फक्त अँड्रॉइडचं नाही. मॅकमध्ये २०१३ पासून आणि विंडोज १० मध्ये २०१५ पासून पानं दाबून ठेवतात, आणि दोन्हीकडे डिस्कवरचा स्वॅप तर त्याआधीपासून आहेच. ॲपलने २०२२ साली आयपॅडओएस १६ मध्ये एम१ चिपच्या आयपॅडवर स्टोरेजवरचा स्वॅप आणला, एका जड ॲपला १६ जीबीपर्यंत मेमरी मिळावी म्हणून. पण खोक्यावर त्यांनी तो रॅममध्ये मिळवून छापला नाही. सगळी हरकत आहे ती त्या छपाईलाच.

जुना फोन घेताना किंवा अनोळखी ब्रँडचा स्वस्त फोन बघताना मात्र ‘मेमइन्फो’मधली पहिली ओळ, मेमटोटल, जरूर वाचा. व्हर्च्युअल जीबी तिथे मोजले जात नाहीत. ८ जीबीच्या फोनवर तो आकडा ७५ ते ७९ लाख केबीच्या आसपास असतो, ४ जीबीच्या फोनवर ३६ ते ३९ लाख. दुकानदार ८ म्हणत असेल आणि ओळीत ३८ लाख दिसत असतील, तर तो ४ + ४ विकतोय. पैसेही ४ जीबीचेच द्या.